काचेच्या वाटेने परतलेल्या लहरी

जुन्नर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी ३१ वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. विद्युतचुंबकीय लहरींचा धडा आला की माझी एक गोष्ट ठरलेली असे. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात मार्कोनीच्या आधी बिनतारी लहरी पाठवून दाखवल्या, त्यांनी पेटंटचा हव्यास धरला नाही, मार्कोनीने धरला, आणि १९०९ चे नोबेल मार्कोनीला मिळाले. मुले चिडत, मागच्या बाकांवरची पोरेसुद्धा कान देऊन ऐकत. दोन महिन्यांनी संदेशवहनाचा धडा येई. तेव्हा दुसरी गोष्ट. तांब्याच्या तारा गेल्या, सूक्ष्मलहरींचे मनोरे जाणार, केसाएवढ्या काचतंतूने सगळ्यांना हरवले.

या दोन्ही गोष्टी मी इतक्या वेळा सांगितल्या की त्या तपासून पाहाव्यात असे कधी वाटलेच नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी एक माजी विद्यार्थी घरी आला. ऑप्टिकल फायबरचे जोड मारण्याचे काम करतो. रस्त्याकडेला खड्ड्याशेजारी छत्री लावून, तुटलेल्या काचतंतूची दोन टोके यंत्रात वितळवून जोडणारी मुले आपण पाहतो, त्यांपैकी एक. चहा घेता घेता म्हणाला, "सर, तुम्ही म्हणाला होता फायबरने वायरलेसला हरवलं. पण आता आमचे साहेब सांगतात, पुढे फायबर खांबापर्यंत आणि तिथून पुढचे शे-दोनशे मीटर हवेतून. त्या लहरी म्हणे मिलिमीटरच्या. आणि त्या लहरी फायबरमधूनच लेसरवर बसून येतात. मिलिमीटरची लहर केसाएवढ्या काचेत शिरते कशी?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तो गेल्यावर मात्र अस्वस्थ झालो. कारण मिलिमीटरच्या लहरी म्हणजे बोसांच्याच लहरी. माझ्या दोन गोष्टींमधली पात्रे एकमेकांना भेटली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. हा लेख म्हणजे त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

रेल्वेचे वेळापत्रक आणि तागाची दोरी

हाइनरिश हर्ट्‌झने १८८७-८८ मध्ये विद्युतलहरी प्रयोगशाळेत निर्माण केल्या. मॅक्सवेलचे गणित खरे ठरले. या लहरी प्रकाशाच्याच जातीच्या असतील तर त्या परावर्तित व्हायला हव्यात, वाकायला हव्यात, त्यांचे ध्रुवीकरण व्हायला हवे. हे सारे हर्ट्‌झने दाखवलेही. पण त्याच्या लहरींची लांबी ६६ सेंटिमीटरपासून कित्येक मीटरपर्यंत होती. लहर मोठी असली की लोलकही अवाढव्य लागतो. हर्ट्‌झला शेकडो किलो वजनाचा डांबराचा लोलक ओतावा लागला होता.

कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवणाऱ्या बोसांनी या अडचणीवर सरळ उपाय काढला. उपकरण मोठे करण्याऐवजी त्यांनी लहर लहान केली. १८९४ च्या अखेरीस त्यांनी काम सुरू केले आणि अल्पावधीत अडीच सेंटिमीटरपासून पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहरी हाती आणल्या. पाच मिलिमीटर म्हणजे आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्‌झ, सेकंदाला सहा हजार कोटी कंपने. सगळे साहित्य एका टेबलावर मावू लागले.

त्यांची साधने पाहिली की मला शिक्षक म्हणून हेवा वाटतो. लहर गोळा करायला त्यांनी धातूचे चौकोनी नरसाळे केले. आजचा अभियंता त्याला हॉर्न अँटेना म्हणतो. लहर नेण्यासाठी पोकळ नळ्या वापरल्या. ध्रुवीकरण दाखवण्यासाठी ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक घेतले. जाडजूड पुस्तकाची पाने एका दिशेने लहर जाऊ देतात आणि दुसऱ्या दिशेने अडवतात. पानांमध्ये धातूचा वर्ख घातला की परिणाम आणखी ठळक होतो. बंगालचे पीक ताग. त्याची पिळलेली दोरी घेऊन त्यांनी दाखवले की पीळ ज्या बाजूला असेल त्या बाजूला लहरीची पातळी फिरते, जशी साखरेच्या पाण्यात प्रकाशाची फिरते. लहर ओळखायला त्यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरला. त्याचे अमेरिकन पेटंट १९०४ साली त्यांना मिळाले. तेव्हा बोसांच्या नावावर पेटंट नव्हतेच, हे माझे वर्गातले वाक्य खोटे होते. मित्रमंडळींच्या, विशेषतः सारा बुल यांच्या आग्रहाखातर घेतलेले का होईना, पण होते.

१८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. भिंतींपलीकडे, सुमारे ७५ फुटांवर, लहरीने घंटा वाजली आणि बंदुकीची दारू उडाली. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे शुक्रवारचे व्याख्यान झाले. पण या सगळ्यात बोसांचा मुख्य प्रश्न संदेश पाठवण्याचा नव्हता. विद्युतलहर आणि प्रकाश एकच आहेत का, हा होता. माझी 'हिरावलेल्या श्रेयाची' गोष्ट त्यांच्या प्रश्नालाच वगळून पुढे जात होती.

हवेने गिळलेली लहर

मार्कोनीच्या मनात दुसरा प्रश्न होता. किती दूर? १२ डिसेंबर १९०१ रोजी कॉर्नवॉलमधून निघालेला संकेत त्याने अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडला ऐकल्याचे जाहीर केले. त्या लहरी शेकडो मीटर लांबीच्या होत्या. लांब लहरी पृथ्वीच्या वळणाला धरून, वातावरणाच्या वरच्या थरावरून उलटून लांबवर जातात. बोसांची पाच मिलिमीटरची लहर त्यांच्या उलट स्वभावाची. ती सरळ रेषेत जाते, झाडाच्या पानांनी अडते, पावसाच्या थेंबांत विखुरते. त्यातही ६० गिगाहर्ट्‌झच्या आसपास हवेतला ऑक्सिजनच ती शोषून घेतो. एका किलोमीटरला सुमारे १५ डेसिबल, म्हणजे पसरून होणारी घट बाजूला ठेवली तरी शंभरातले जेमतेम तीन भाग उरतात. श्रावणातल्या मुसळधार सरीत याहून वाईट. त्या काळच्या कोणत्याही उपकरणाने, कोणत्याही पेटंटने ही लहर समुद्रापार गेली नसती.

बिनतारी विद्या त्यामुळे लांब लहरींकडे वळली आणि बोस वनस्पतींकडे. अर्धे शतक मिलिमीटर लहर जवळजवळ कोणाच्या कामाची राहिली नाही. ती हिरावून घेतली गेली नव्हती. तिच्यासाठी वाट नव्हती.

नळीचे स्वप्न

वाट शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला तो अमेरिकेत, बेल प्रयोगशाळेत. १९३० च्या दशकात जॉर्ज साउथवर्थ यांनी पोकळ धातूच्या नळीतून लहर नेण्याची विद्या नव्याने उभी केली. गोल नळीत लहरीची एक मांडणी अशी सापडली की वारंवारिता वाढवत नेली तर तिची गळती कमी होत जाते. इतर सर्व तारांचा अनुभव याच्या नेमका उलट. मग हिशेब सोपा होता. हवा लहर गिळते ना? मग लहरीला हवेतून न्यायचेच नाही. नळी पुरायची, त्यात कोरडा नायट्रोजन भरायचा आणि मिलिमीटर लहरींवर लाखो संभाषणे बसवायची.

हे काम स्ट्युअर्ट मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे केले. त्यातून 'डब्ल्यूटी-४' ही यंत्रणा तयार झाली. साठ मिलिमीटर व्यासाची नळी, तिच्यातून ४० ते ११० गिगाहर्ट्‌झपर्यंतच्या लहरी, आणि एका वेळी दोन लाखांहून अधिक दुतर्फा संभाषणांची क्षमता. न्यू जर्सीत १४ किलोमीटरची नळी जमिनीत पुरून तिची चाचणी झाली आणि ती यशस्वी ठरली. ब्रिटिश पोस्ट ऑफिसनेही इंग्लंडच्या पूर्व भागात जवळपास तितक्याच लांबीची आपली नळी टाकून पाहिली. नळी सरळ लागे, वळण अतिशय संथ लागे, एखादा बारीक दबलेला भागही लहरीची मांडणी बिघडवी. तरी काम होत होते. बोसांच्या लहरीला अखेर वाट मिळाली होती, फक्त ती अतिशय महाग होती.

आता योगायोग पाहा. इंग्लंडमधल्या हार्लो गावी स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये टोनी कार्बोवियाक यांचा गट याच नळ्यांवर काम करी. या गटात शांघायला जन्मलेला एक तरुण अभियंता होता, चार्ल्स काओ. नळीत मिलिमीटरची लहर नेण्यासाठी जे गणित लागते तेच गणित, लहर हजारो पट लहान केली की, काचेच्या तंतूतल्या प्रकाशाला लागते. १९६४ मध्ये कार्बोवियाक ऑस्ट्रेलियाला गेले आणि प्रकाशाचे काम काओंकडे आले. काचेत प्रकाश वाकवून नेण्याची कल्पना नवी नव्हती. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह १९५४ मध्येच तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवले होते. पण त्यावेळची काच किलोमीटरला हजार डेसिबल गिळे. शरीरात डोकावायला ती पुरे होती, शहराशहरांत बोलायला नव्हती.

जुलै १९६६ मध्ये काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांचा निबंध आला. त्यांचे म्हणणे असे की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धींचा आहे. किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत गळती आणली की हे तंतू संदेशवहनासाठी उपयोगी ठरतील. १९७० मध्ये कॉर्निंगच्या रॉबर्ट मॉरर, डॉनल्ड केक आणि पीटर शुल्ट्‌झ यांनी ती मर्यादा ओलांडली. त्याच वर्षी लेनिनग्राडमध्ये झोरेस अल्फेरोव्ह यांच्या गटाने आणि बेल प्रयोगशाळेत हयाशी व पॅनिश यांनी सामान्य तापमानाला अखंड चालणारा अर्धवाहक लेसर करून दाखवला. वाट आणि दिवा एकाच वर्षी हाती आले.

१९७७ चे साल मला कायम वहीत अधोरेखित करून ठेवावेसे वाटते. एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात लाँग बीचला आणि मे महिन्यात शिकागोत काचतंतूवरून प्रत्यक्ष ग्राहकांची टेलिफोन संभाषणे सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेलच्या तांत्रिक नियतकालिकाने डब्ल्यूटी-४ नळीवर खास अंक काढला. एका यंत्रणेचा इतका सविस्तर, इतका अभिमानाचा अहवाल, आणि ती यंत्रणा कधी बाजारात उतरलीच नाही. दोन वर्षांत जपानमध्ये काचतंतूची गळती किलोमीटरला ०.२ डेसिबलपर्यंत खाली आली. एका किलोमीटरनंतर ९५ टक्के प्रकाश शिल्लक. नळीचा विषय संपला.

बोसांच्या लहरीचा हा दुसरा पराभव. आणि वर्गात मी सांगितलेली दुसरी गोष्ट इथेच थांबत असे.

दोन तंबोरे

पुढे काय झाले ते समजायला गाण्याकडे वळावे लागेल. दोन तारा जवळजवळ सुरात असल्या, पण पूर्ण जुळलेल्या नसल्या, तर आवाज कमी-जास्त होत एक लाट ऐकू येते. तंबोरा लावणारा याच लाटेवर कान ठेवून खुंटी पिळतो. शालेय पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. एक तार सेकंदाला २५६ वेळा आणि दुसरी २५९ वेळा कंप पावत असेल तर विस्पंद सेकंदाला तीन. लाटेची वारंवारिता म्हणजे दोन सुरांतला फरक.

प्रकाशाच्या बाबतीतही हे घडायला हवे. काचतंतूत वापरतात तो अवरक्त प्रकाश सेकंदाला साधारण १९३ लाख कोटी वेळा कंप पावतो. इतक्या वेगवान कंपनांपैकी फक्त ६० गिगाहर्ट्‌झचा फरक असलेले दोन प्रकाश एकत्र एका संवेदकावर पाडले, तर संवेदकातून निघणारा विद्युतप्रवाह ६० गिगाहर्ट्‌झने थरथरला पाहिजे. तरंगलांबीत सांगायचे तर १५५० नॅनोमीटरमध्ये अर्ध्या नॅनोमीटरचा फरक. म्हणजे मिलिमीटरची लहर काचेत शिरवावी लागतच नाही. काचेतून जातात दोन प्रकाश, आणि लहर जन्मते ती थेट पलीकडच्या टोकाला. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते.

हे घडते याचा पुरावा लेसरच्याही आधीचा आहे. १९५५ साली फॉरेस्टर, गुडमुंडसेन आणि जॉन्सन यांनी पाऱ्याच्या दिव्यातली एक वर्णरेषा चुंबकीय क्षेत्राने दोन रेषांत विभागली आणि त्या दोन्ही रेषांच्या मिश्रणातून सुमारे १० गिगाहर्ट्‌झचा विस्पंद पकडला. वेगवेगळ्या अणूंतून निघालेला प्रकाश असा एकमेकांत मिसळून लाट देईल यावर तेव्हा अनेकांचा विश्वास नव्हता. संकेत गोंगाटापेक्षा कितीतरी क्षीण होता. मोजायला विलक्षण चिकाटी लागली. १९६० मध्ये लेसर आला आणि जे काम मुश्किलीने झाले होते ते शक्य कोटीत आले. १९८३ मध्ये गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी अर्धवाहक लेसर एकमेकांना जखडून सूक्ष्मलहरी निर्माण केल्या.

पण दोन स्वतंत्र लेसर म्हणजे दोन वेगळ्या खोल्यांत लावलेले तंबोरे. एक उष्णतेने उतरतो, दुसरा चढतो, आणि फरकाचा सूर भटकत राहतो. दुसरा रस्ता म्हणजे एकाच लेसरच्या प्रकाशावर मिलिमीटर लहरीची थरथर चढवायची. यात काचेचा एक खोडसाळ गुण आडवा येतो. थरथर चढवलेल्या प्रकाशात मूळ सुराच्या दोन्ही बाजूंना एकेक उपसूर तयार होतो आणि काचेत प्रत्येक रंगाचा वेग किंचित वेगळा असतो. साधा काचतंतू आणि ६० गिगाहर्ट्‌झ असा हिशेब मांडला तर जेमतेम एक किलोमीटरवर दोन्ही उपसूर एकमेकांना खोडून काढतात. प्रकाश पोहोचतो, संदेश पोहोचत नाही. आणखी थोडे पुढे गेले की तो परत उगवतो, पुन्हा मावळतो.

१९९२ मध्ये जॉन ओ'रायली आणि सहकाऱ्यांनी यावर सुंदर तोडगा मांडला. एकाच लेसरमधून दोन उपसूर काढायचे आणि मधला मूळ सूरच दाबून टाकायचा. उरतात फक्त दोन प्रकाश. दोघांचा उगम एकच, त्यामुळे लेसर डगमगला तर दोघे सारखेच डगमगतात आणि त्यांच्यातला फरक स्थिर राहतो. तिसरा सूरच नसल्याने खोडाखोडीचा तो त्रासही टळतो. एकाच तंबोऱ्यावर गाणाऱ्या दोन गायकांसारखे. तंबोरा किंचित उतरला तरी त्यांच्यातले अंतर सुटत नाही.

आता राहिला पलीकडचा संवेदक. साध्या फोटोडायोडमध्ये प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन एका बाजूला धावतात आणि त्यांच्या रिकाम्या जागा दुसऱ्या बाजूला. या जागा मंद चालतात आणि सगळ्यांना खोळंबवतात. जपानच्या एनटीटी प्रयोगशाळेत इशिबाशी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशी रचना मांडली की प्रवास फक्त इलेक्ट्रॉनांनी करायचा. हा डायोड शंभर गिगाहर्ट्‌झपलीकडेही जोमदार लहर देऊ लागला. पुढे २०१३ मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहे इथे प्रकाशातून जन्मलेल्या २३७.५ गिगाहर्ट्‌झच्या लहरीवर सेकंदाला १०० गिगाबिट माहिती २० मीटर अंतर पार करून गेली. अंतर हसण्यासारखे वाटेल. बोसांच्या टाउन हॉलमधले अंतरही जवळपास तेवढेच होते.

खोडदची तबकडी

हे सारे वाचताना मला सर्वांत जास्त ओशाळवाणे वाटले ते आमच्याच तालुक्यामुळे. नारायणगावजवळ खोडदला 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' आहे. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मधल्या भागात आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर, साधारण २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. द्राक्षांच्या बागांमधून त्या दिसतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मी कित्येक वर्षे मुलांना तिथे नेले. मुले तबकडीकडे पाहत आणि मीही तबकडीकडेच पाहत असे. तबकडीने टिपलेली लहर लेसरवर चढून जमिनीखालच्या काचतंतूतून मध्यवर्ती इमारतीत येते आणि तबकड्यांना लागणारे संदर्भ-संकेतही तंतूतूनच जातात, याकडे आमचे लक्षच नसे. खोडदच्या लहरी मीटरच्या आहेत, मिलिमीटरच्या नाहीत. पण रेडिओ लहर प्रकाशावर बसवून नेण्याची विद्या तीच. ती आमच्या शेतांखालून जात होती आणि मी वर्गात फायबर आणि रेडिओ यांची कुस्ती लावत होतो.

मिलिमीटर लहरींसाठी हीच विद्या पराकोटीला गेली ती चिलीत. आटाकामाच्या वाळवंटात, चाखनांतोर पठारावर पाच हजार मीटर उंचीवर, 'आल्मा' दुर्बिणीच्या ६६ तबकड्या आहेत. १६ किलोमीटरपर्यंत त्या एकमेकींपासून दूर नेता येतात. तिथे हवा विरळ आणि कोरडी, म्हणून अवकाशातून आलेली मिलिमीटर लहर वाटेत कमी गिळली जाते. या सगळ्या तबकड्यांना एकाच तालात ठेवायला शंभर गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा संदर्भ-सूर लागतो. तांब्याच्या तारेत असा सूर एक मीटर गेला तरी निम्म्याहून अधिक विरतो. म्हणून मध्यवर्ती इमारतीतून दोन लेसर एकाच तंतूत सोडतात आणि तबकडीत पोहोचल्यावर त्यांचा विस्पंद काढतात. दिवसाच्या उन्हाने, तबकडी वळल्याने तंतू किंचित लांब-आखूड होतो. तोही फरक मायक्रॉनच्या मापात सतत सुधारला जातो. एप्रिल २०१९ मध्ये कृष्णविवराच्या छायेचे जे पहिले चित्र जगाने पाहिले, ते १.३ मिलिमीटरच्या लहरींनी टिपलेले होते आणि आल्मा त्या निरीक्षणांतली एक महत्त्वाची दुर्बीण होती.

बोसांचा प्रश्न होता, विद्युतलहर प्रकाशासारखी वागते का? त्यांनी लोलक, पुस्तक आणि तागाची दोरी घेऊन हो म्हणून दाखवले. इथे दोन प्रकाशांची वजाबाकी करून विद्युतलहर काढली जाते. १८९५ च्या प्रयोगाचे हे दुसऱ्या टोकाने दिलेले उत्तर आहे.

फळ्यावर काय लिहावे

या विद्येने घरे गाठली आहेत असे मी म्हणणार नाही. मोठ्या इमारती, भुयारी मार्ग, क्रीडांगणे अशा ठिकाणी रेडिओ संकेत जसाच्या तसा प्रकाशावर बसवून अँटेनांपर्यंत नेतात, पण तिथल्या लहरी बहुधा मिलिमीटरच्या नसतात. मोबाइलच्या मनोऱ्यांना फायबर जाते त्यातून बहुतांशी आकडे जातात, लहर मनोऱ्यावरच तयार होते. आपल्याकडे २०२२ च्या लिलावात २६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा विकला गेला. त्याची लहर साडेअकरा मिलिमीटरची, बोसांच्या पल्ल्यातलीच. पण पाऊस, झाडे, भिंती बोसांच्या काळी होत्या तशाच आहेत. एका मोठ्या मनोऱ्याऐवजी कोपऱ्याकोपऱ्यावर लहान अँटेना हव्यात, आणि प्रत्येकीत महागडी यंत्रणा बसवणे परवडत नाही. म्हणून अभियंते म्हणतात, अवघड काम मध्यवर्ती ठिकाणी करा, खांबावर फक्त डायोड, वर्धक आणि नरसाळे ठेवा. हवेतली वाट शे-दोनशे मीटरचीच. ती लहर दूर जात नाही हा तिचा दोष इथे गुण ठरतो, कारण पुढच्या गल्लीत तीच वारंवारिता पुन्हा वापरता येते.

मी आता वर्गात असतो तर काय सांगितले असते? बोसांवर अन्याय झाला नाही असे मुळीच नाही. पाऱ्याच्या ग्राहक-यंत्राच्या श्रेयाबद्दल संशोधकांनी जे लिहिले आहे ते गंभीर आहे. पण श्रेयाच्या गोष्टीत रंगून गेल्याने मी मुलांपासून अधिक मोठी गोष्ट लपवली. ६० गिगाहर्ट्‌झच्या लहरीला अर्धे शतक वाट नव्हती. मग नळी मिळाली आणि काचेने ती नळी मोडीत काढली. आणि त्याच काचेने, ज्या गटात ती नळी घडत होती त्यातल्याच एका माणसाने सुचवलेल्या काचेने, त्या लहरीला आज पुन्हा खांबापर्यंत आणले आहे. यात हरलेला कोण हे मला सांगता येत नाही. २००९ मध्ये काओंना नोबेल मिळाले तेव्हा ते विस्मृतीच्या आजाराने ग्रासलेले होते. त्यांचे व्याख्यान त्यांच्या पत्नी ग्वेन यांनी वाचले. बोसांच्या ६० गिगाहर्ट्‌झच्या प्रयोगांना जगातल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने, आयईईईने, २०१२ मध्ये ऐतिहासिक टप्प्याचा मान दिला. २०२० मध्ये तोच मान खोडदला मिळाला.

गेल्या महिन्यात त्या विद्यार्थ्याला फोन केला. म्हटले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. दोन वर्षं लागली." मग दोन तंबोऱ्यांचे सगळे समजावून सांगितले. तो पलीकडे शांतपणे ऐकत होता. मागे गाड्यांचा आवाज येत होता; रस्त्यावरच असणार. शेवटी म्हणाला, "म्हणजे सर, जोड मारताना माझ्या हातात जी काच असते, तिच्यातून ती लहर जात नसते. फक्त तिचा फरक जात असतो."

मी म्हटले, "बरोबर. हे वाक्य मला वर्गात सुचायला हवं होतं."

"ठेवतो सर, पाऊस आलाय," तो म्हणाला. "जोड उघडा आहे."